रॉकचा सगळ्यात मोठा ड्रमर कोण? हा वाद घालायची रीत

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या राजेंद्रनगरला आमच्या गच्चीवर सात जण रात्री साडेबारापर्यंत भांडत बसलो होतो. लेड झेपेलिनचा जॉन बॉनम मोठा की रशचा नील पिअर्ट? कुणी पुरस्कार मोजले, कुणी अल्बमच्या खपाचे आकडे काढले, एकानं मोबाइलवर कुठलीशी यादी उघडून सगळ्यांच्या नाकासमोर धरली. उठताना लक्षात आलं की साडेतीन तासांत एकही गाणं लागलं नव्हतं. ज्या वादनासाठी आम्ही तावातावानं बोलत होतो, ते त्या रात्री कुणी ऐकलंच नाही. मला ते फार लागलं. आमच्या घरात तीन पिढ्या तबला आहे. वाजवणाऱ्याबद्दल बोलायचं तर आधी त्याचं वाजवणं कानावर पडू दे, हे आजोबांनी लहानपणीच बजावलेलं.

तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा या विषयाची बैठक करतो आणि तिची एक रीत ठरवून घेतली आहे. तीच इथे सांगतो. चार ते आठ माणसं, एक बरा स्पीकर, एक वही आणि तीन तास एवढं पुरतं.

रॉकच्या ड्रमिंगवर बोलायला उसनी परिभाषा आणायची गरज नाही. साथ, ठेका, वजन, दाणा (प्रत्येक ठोक्याचा सुटा, स्वच्छ आवाज), तयारी, पढंत (बोल तोंडानं म्हणणं), तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून जागेवर येणं) हे शब्द इंदूरच्या मराठी घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या या गावात नाना पानसे पखवाज वाजवत होते. त्यांच्या नावानं पखवाजाचं घराणं चाललं. दुसरं मोठं घराणं दतियाच्या कुदऊसिंहांचं. जाणकार सांगतात की कुदऊसिंहांचा बाज, म्हणजे वाजवण्याची शैली, खुला आणि जोरकस, तर पानसे घराण्याचा बाज मऊ आणि गोड. यातला कुठला बाज मोठा, असा प्रश्न आमच्या काकांना विचारला तर ते उलट विचारतात, "कशासाठी मोठा?" आमच्या बैठकीची पहिली पायरी त्यांच्या याच प्रश्नातून आली.

पायरी पहिली: "मोठा" म्हणजे काय, ते वहीत लिहा

बहुतेक भांडणं इथेच फसतात. एक जण हातापायाच्या वेगाबद्दल बोलत असतो, दुसरा प्रभावाबद्दल, आणि दोघांना वाटतं की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय. आम्ही चार मापं ठरवली आहेत. तयारी, म्हणजे हातापायांवरची हुकमत. साथ, म्हणजे गाण्याला आणि बाकीच्या वादकांना त्यानं कसं उचललं. नाद, म्हणजे वाद्यातून काढलेला आवाज आणि त्याचं वजन. आणि छाप, म्हणजे त्याच्यानंतरचे लोक त्याच्यासारखं वाजवायला लागले का.

एका बैठकीला एकच माप घ्या, चारही एकदम घेऊ नका. सुरुवात साथीपासून करावी असं माझं आग्रहाचं मत आहे. एकल वादन ऐकून तबलजीची तयारी कळते, पण गवय्याच्या मागे तो काय करतो यावर मैफल उभी राहते किंवा पडते. रॉकमध्येही ड्रमर बहुतेक वेळ साथच करत असतो.

पायरी दुसरी: यादीत कोण बसणार, आणि ते खरंच त्यानं वाजवलंय का

बडी रिच आणि जीन क्रुपा हे जॅझचे. त्यांना रॉकच्या यादीत आणलं की वाद भलतीकडे जातो, म्हणून ते बाहेर. स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवणारे, जसे हॅल ब्लेन, आत घ्यायचे की नाही हे आधीच ठरवा. आम्ही घेतो. 1963 च्या 'बी माय बेबी'ची सुरुवात ज्यानं वाजवली त्याला दाराबाहेर ठेवणं आम्हाला पटत नाही.

दुसरी खात्री जास्त महत्त्वाची. बीटल्सच्या पहिल्या अल्बमवरच्या 'लव्ह मी डू'मध्ये ड्रम अँडी व्हाइट नावाच्या स्टुडिओ वादकानं वाजवलाय, बँडचा ड्रमर रिंगो स्टार याच्या हातात तिथे टँबोरिन आहे. 1968 च्या 'बॅक इन द यूएसएसआर'वर रिंगो नाहीच, कारण तो तेव्हा काही दिवसांसाठी बँड सोडून गेला होता. क्वीनच्या 'वी विल रॉक यू'मधल्या ठेक्यावरून रॉजर टेलरची तारीफ करणारेही भेटतात. तो ठेका पाय आपटून आणि टाळ्या वाजवून केलेला आहे, त्यात ड्रमचा संचच नाही. गाणं पुरावा म्हणून पुढे ठेवण्याआधी वादक कोण हे तपासा.

पायरी तिसरी: खोली आणि आवाज

मोबाइलच्या स्पीकरवर हा वाद घालूच नका. किक ड्रमचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, मुख्य नाद साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तेवढ्याशा स्पीकरमधून तो बाहेर पडत नाही. म्हणजे अर्धा बॉनम तुम्ही ऐकलाच नाही. स्पीकर नसेल तर तार असलेले साधे हेडफोन आळीपाळीनं घ्या. दुसरं म्हणजे, दोन गाणी एकमेकांसमोर ठेवताना आवाज कानानं सारखा करून घ्या. जे जोरात वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि जुनी रेकॉर्डिंगं नव्यांपेक्षा हळू असतात. एवढ्यावरून रिंगो आमच्याकडे दोनदा हरला होता.

पायरी चौथी: एक गाणं तीनदा ऐका

एका बैठकीत सहापेक्षा जास्त गाणी नकोत, पण प्रत्येक गाणं तीनदा. पहिल्यांदा फक्त उजव्या पायाकडे, म्हणजे किककडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंवा राइड (मोठी झांज) यांच्याकडे, म्हणजे जो हात सतत चालू असतो त्याच्याकडे. तिसऱ्यांदा फिल, म्हणजे एक ओळ संपून दुसरी सुरू होताना ड्रमर मधली जागा कशी भरतो ते.

आपल्या कानाला एक सवय मोडावी लागते. आपला हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम वाजतो, त्याला बॅकबीट म्हणतात, आणि गाण्याचं वजन तिथे असतं. पहिल्या ऐकण्यात सगळ्यांनी दोन आणि चारवर टाळी द्यायची. पाच मिनिटांत अंगवळणी पडतं.

आता गाणी. मी जी लावतो ती सांगतो, म्हणजे कुठे काय ऐकायचं ते कळेल.

लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', 1971. इंग्लंडात हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत बॉनमचा संच जिन्याखालच्या उंच दालनात मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सनं वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. प्रत्येक ड्रमला चिकटून मायक्रोफोन नाही. त्यामुळे आपल्याला ड्रमबरोबर ती अख्खी वास्तू वाजताना ऐकू येते. हे गाणं मी काकांना ऐकवलं तो प्रसंग सांगायलाच हवा. काका 74 वर्षांचे, आयुष्यभर तबला वाजवलेला, रॉक कधी कानावर घेतलेलं नाही. डोळे मिटून बसले. गाणं सुरू झाल्यावर त्यांचा अंगठा मांडीवर हलायला लागला आणि मिनिटभरानं थांबला. म्हटलं, कंटाळले असतील. गाणं संपल्यावर म्हणाले, "अरे, हा मात्रा पोचेपर्यंत वाट बघतो. पुढे धावून तिला गाठत नाही. हे शिकवून येत नाही रे." पुन्हा लावायला सांगितलं. बॉनमच्या ठेक्यात स्नेअर किंचित मागे टेकल्यासारखा लागतो, हे मी वीस वर्षं ऐकत होतो, पण त्याला शब्द काकांनी दिला.

त्याच बॉनमची तयारी बघायची तर 1969 चं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' लावा. किकचे ते जलद जोडठोके लोकांना दोन पायांचे वाटतात. ते एकाच पेडलवर, एका पायानं वाजवलेले आहेत.

रिंगोसाठी 'रेन', 1966. रिंगो स्वतः हे आपलं सर्वांत चांगलं काम मानत आला आहे. तो डावखुरा, पण संच उजव्या हाताच्या माणसासारखा मांडलेला. म्हणून त्याचे फिल वेगळ्या बाजूनं सुरू होतात, मध्ये एक छोटा श्वास घेतात, आणि कुणी नक्कल करायला गेलं की अडखळतं. मग 'हिअर कम्स द सन' लावा आणि मधल्या भागात मात्रा मोजा. तीन-तीनचे गट पडत जातात, आवर्तन बदलत राहतं, आणि शेवटी सगळे मिळून असे जागेवर येतात की आपल्याला तिहाई घेतल्यासारखं वाटतं. हे गाणं लिहिणाऱ्या बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं सतार आणि भारतीय संगीताचा अभ्यास केला होता, त्याची ही सावली. रिंगो तिथून कुठलाही दिखावा न करता गाणं पलीकडे नेतो.

रशचं 'टॉम सॉयर', 1981. मधल्या वाद्यांच्या भागात सात मात्रा मोजा, रूपक ताल मोजल्यासारख्या, फक्त खालीनं, म्हणजे टाळी न देता, सुरुवात करायचं विसरून. नील पिअर्टचं प्रत्येक फिल आधी लिहून ठेवल्यासारखं रेखीव आहे आणि मैफलीतही तो ते तसंच वाजवायचा. काही जण याला कोरडेपणा म्हणतात, मी म्हणत नाही. बांधलेला कायदा, म्हणजे तबल्यातली ठरीव रचना, स्वच्छ वाजवण्यात कमीपणा नसतो. त्याच्याबद्दलची एक गोष्ट आमच्या घरात फार मानानं सांगितली जाते. जगभर नाव झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, 1990 च्या दशकात तो फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे गेला आणि काठी धरण्यापासून सगळं पुन्हा शिकला.

द हूचं 'वोंट गेट फूल्ड अगेन', 1971. कीथ मून म्हणजे सुटलेला वारू, लय सांभाळत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. या गाण्यात मागे यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेला सुरांचा ठेका चालू आहे. तो माणसासाठी थांबत नाही. मैफलीत मून हेडफोन घालून त्याच्याबरोबर वाजवायचा. लय न सांभाळणाऱ्याला हे जमलं असतं का, एवढं विचारा आणि गाणं पुन्हा लावा.

चार्ली वॉट्ससाठी रोलिंग स्टोन्सचं 'हाँकी टाँक विमेन', 1969. स्नेअर मारताना तो हाय-हॅटवरचा हात उचलतो, त्यामुळे बॅकबीटला मोकळी जागा मिळते. व्हिडिओ बघितला तर हे डोळ्यांनी दिसतं. गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत वेगात थोडं चढत जातं. विलंबितमधून मध्यलयीत शिरल्यासारखी ती चढण मला फार आवडते.

शेवटी टोटोचं 'रोझॅना', 1982. हे अर्ध्या वेगानं ऐका, यूट्यूबवर ती सोय आहे. जेफ पोर्कारोच्या डाव्या हातातून स्नेअरवर अगदी हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके पडत असतात. तबलजी ज्याला दाण्याची सफाई म्हणतो ती हीच. पोर्कारोनं स्वतः सांगितलेलं आहे की या ठेक्यात ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल (झुलता ठेका), बॉनमचं 1979 चं 'फूल इन द रेन' आणि गायक-गिटारवादक बो डिडलीचा ठेका असं मिश्रण आहे. छाप म्हणजे काय, ते या एका गाण्यात दाखवता येतं.

पायरी पाचवी: पढंत

आमच्या बैठकीतला हा सगळ्यात उपयोगी नियम. ज्या ड्रमरची बाजू घ्यायची, त्याच्या एका गाण्याचा ठेका किंवा एक फिल तोंडानं म्हणून दाखवायचा. किक म्हणजे धूम, स्नेअर म्हणजे टाक, हाय-हॅट म्हणजे चिक. साधा रॉक ठेका झाला धूम-चिक-टाक-चिक. यापुढचे बोल आपापले ठरवा. 'वी विल रॉक यू'च्या धूम-धूम-टाकपासून सुरुवात केली तर लाजणारी माणसंही मोकळी होतात.

पढंत करताना माणूस पकडला जातो. माझी भाची ड्रम शिकते, विजयनगरहून स्कूटरवर येते. एकदा मी पिअर्टवर भरभरून बोलत होतो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, सगळं खरं. पण मधली सातची जागा म्हणून दाखव ना." मी सुरू केलं आणि पाचव्या मात्रेवर घसरलो. तिनं स्टीलचं ताट उपडं घातलं, दोन चमच्यांनी ती जागा आधी सावकाश वाजवली, मग बोलांसकट. त्या दिवशी मला कळलं की मी ते गाणं पंचवीस वर्षं ऐकलं होतं, मोजलं कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून आठवडाभर सकाळी फिरताना मी ते सात मोजत होतो.

पढंत जमली नाही म्हणून कुणाला गप्प बसवायचं नाही. त्याला गाणं पुन्हा लावून द्यायचं आणि दहा मिनिटं द्यायची.

पायरी सहावी: आधी पूर्वपक्ष

शास्त्रार्थाची जुनी पद्धत इथे तंतोतंत लागू पडते. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल इतक्या ताकदीनं मांडायचं. बॉनमवाल्यानं तीन मिनिटं पिअर्टची बाजू लढवायची, गाण्यासकट. समोरचा "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणाला की मगच उत्तरपक्ष सुरू.

प्रत्येक दाव्याला गाणं आणि जागा हवी. "मून वेडा होता, म्हणून ग्रेट" हा दावा नाही. हॉटेलच्या खोल्या मोडल्याच्या गोष्टी आमच्याकडे बाद आहेत, मृत्यूच्याही. बॉनम 1980 मध्ये 32 व्या वर्षी गेला, मून 1978 मध्ये त्याच वयाचा असताना गेला. वाईट वाटतं, पण त्यावर गुण देता येत नाहीत.

याद्यांचं काय करायचं? 2016 मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं शंभर ड्रमर निवडले, त्यात पहिला बॉनम, दुसरा मून, तिसरा जिंजर बेकर, चौथा पिअर्ट. ही यादी प्रश्न काढायला छान आहे: बेकर पिअर्टच्या वर का? मग बेकरच्या क्रीम या बँडचं 1966 चं 'टोड' लावा आणि ठरवा. पुरावा म्हणून मात्र ती चालणार नाही. तसंच ऐकीव वाक्यांचं. रिंगो बीटल्समधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता, हे वाक्य जॉन लेननच्या नावावर वर्षानुवर्षं खपवलं जातं. ते लेननचं नाही. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईनं लिहून ठेवलंय.

पायरी सातवी: काळाचा हिशेब

15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोक किंचाळत असताना रिंगो वाजवत होता, आणि स्वतःच्या बँडचा आवाज कलाकारांपर्यंत पोचवणारे मॉनिटर स्टेजवर नव्हते. गणपतीच्या मिरवणुकीत चार पथकं एका चौकात आली की आपलाच ताशा आपल्याला ऐकू येत नाही, तसं समजा, आणि त्यातून गाणं पोचवायचं. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये कानात लय दाखवणारी क्लिक वाजत असते आणि चुकलेला ठोका संगणकावर सरकवता येतो. म्हणून आम्ही जोड्या शक्यतो एकाच दशकातल्या लावतो.

याच पायरीवर, यादीत एरवी न येणाऱ्या निदान एकाला ऐकायचं असा आमचा नियम आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून वाजवायची, किक ड्रम आडवा ठेवून, झांजा जवळपास टाळून. डेफ लेपर्डच्या रिक ॲलनचा डावा हात 31 डिसेंबर 1984 च्या अपघातात गेला. त्यानं डाव्या हाताचं काम पायाच्या पेडलांवर घेतलं आणि 1987 चा 'हिस्टेरिया' त्यानंतरचा आहे. टूलच्या डॅनी कॅरीनं तबल्याचं शिक्षण घेतलंय, आणि ग्रेटफुल डेडचा मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला. ही दोन नावं काकांना सांगितली तेव्हा ते सरळ होऊन बसले.

पायरी आठवी: निकाल

हात वर करून मतं घेऊ नका, मोठ्या आवाजाच्या माणसाकडे मतं झुकतात. चिठ्ठीवर नाव, माप, गाणं आणि एका वाक्यात कारण. गाणं लिहिलं नसेल तर चिठ्ठी बाद. निकालाखाली तारीख घाला, कारण मतं बदलतात आणि बदललेली मतं बघायला मजा येते. काकांची पहिली चिठ्ठी बॉनमची होती, आता साथीला ते वॉट्सचं नाव लिहितात.

माझं मत विचाराल तर साथीत रिंगो. त्याला काढून दुसरा बसवला तर 'रेन' आणि 'कम टुगेदर' ही गाणीच राहत नाहीत. तयारीत पिअर्ट. नादात बॉनम, आणि त्याच्या जवळपास कुणी नाही. चारही मापं एकत्र धरायचा आग्रह झालाच तर मी बॉनमचं नाव लिहितो, कारण 'लेव्ही'मध्ये त्यानं एकही ठोका तयारी दाखवायला वाजवलेला नाही आणि तरी पूर्ण गाणं त्याच्या खांद्यावर आहे. भाचीला हे मान्य नाही. तिचा पिअर्ट. तिच्या चिठ्ठीवरचं कारण माझ्यापेक्षा चांगलं असतं, हेही खरं.

बैठक साडेदहाला आवरती घ्या. तोवर सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं मिटून खाण्याचे ठेले लागलेले असतात. थंडी असेल तर गराडू (तळलेला कंद), नाहीतर भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस. वही बरोबर न्या, पुढची जोडी तिथेच ठरते. आमची ठरली आहे: द पोलिसचा स्टूअर्ट कोपलँड आणि डीप पर्पलचा इयान पेस, माप नाद, गाणी तीन-तीन. पेसची बाजू मी घेतलीय, म्हणजे आधी कोपलँडचा पूर्वपक्ष मला मांडायचाय. भाचीनं सांगून ठेवलंय की त्याच्या हाय-हॅटची पढंत केल्याशिवाय ती मला पुढे बोलू देणार नाही.